चेसी नंबर

पहिला नट सुटायला अडीच दिवस लागले.
डिझेल पाजलं, रॉकेल पाजलं, शेवटी
पान्याच्या दांड्यात पाइप घालून
मी आणि चांदसाब नदाफ, दोघं लोंबकळलो.
कर्रर्र झालं.
लिंबावरचे होले उडाले.

सतरा वर्षं तो वळसंगच्या रानात उभा होता
विहिरीच्या कडेला, चाकं काढलेला, दगडांवर.
ड्रायव्हरच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या.
क्रेनवाल्यानं विचारलं, भंगारात का?
मी म्हणालो, घरी.
तो हसला नाही. फक्त भाडं वाढवलं.

आता अक्कलकोट रोडला, माझ्या मागांच्या शेडमागं
कडा उसवलेल्या सहा चादरी अंथरल्यात.
त्यांच्यावर तो निजलाय तुकड्यातुकड्यांनी:
कमानपाटे, ड्रम, बोनेटचा अर्धा जबडा,
आणि एक लोखंडी कान, ज्याचं नाव
चांदसाबलाही आठवत नाही.
त्रेचाळीस डिग्रीत पाना हातात धरवत नाही,
म्हणून पहाटे पाच ते नऊ.
नऊला कडक भाकरी, दही, आणि दार बंद.

नटबोल्ट महानंदाच्या ताब्यात.
शेंगाचटणीच्या रिकाम्या बरण्या तिनं धुऊन दिल्या,
वर चिठ्ठ्या चिकटवल्या, शाळेतल्या अक्षरात:
'डावा दरवाजा, वरचं बिजागर, तीन.'
'रेडिएटरचे. एक हरवला, शोधणे.'
'कशाचे तरी.'
कितीही धुतल्या तरी
बोल्टांना लसणाचा वास येतो.

दरवाजाच्या पोकळीतून ओंजळभर मालदांडी निघाली,
दाणा धरला की पीठ व्हायची.
आणि वजनकाट्याची एक पावती,
जिच्यावर फक्त शिक्का उरलाय.

चौथ्या आठवड्यात तारेच्या ब्रशनं चेसी घासली.
पुढच्या उजव्या चाकामागं आकडे वर आले.
मी आर.सी. बुक आणलं.
ती वाचत गेली, मी बोट फिरवत गेलो.
पहिले तीन जुळले.
नंतर एकही नाही.

चांदसाब खिशात बिडी शोधू लागला.
ती कानावर होती.

"तुझ्या अप्पानं कुणाला सांगू नको म्हणलं होतं.
सत्त्याऐंशीला बोरामणीच्या नाल्यात पलटी झाला की वो,
मी किन्नर होतो, कडब्यावर झोपलेलो, वाचलो.
चेसी गेली वाकून. ही दुसरीच हाय.
रात्रीतनं आणली, रात्रीतनं चढवली.
इंजिन तुझ्या लग्नाच्या साली बदललं.
गिअरबॉक्स होसपेटच्या खाणीतल्या ट्रकचा.
केबिन? केबिन दोनदा."

मग यात अप्पाचं काय?

त्यानं बराच वेळ विचार केला.
"हॉर्न," म्हणाला.
"हॉर्न त्योच हाय पहिल्यापासनं.
कधी वाजला न्हाई."

त्या दिवशी काम झालं नाही.
शेडमध्ये सहा नंबरचा माग चालू होता.
त्याची मोटर मी बदललीय, पट्टा बदललाय, फणी तर दरवर्षी,
तरी तो सहा नंबरच,
त्याला कुणी कागद मागत नाही.
असं मी स्वतःला सांगत बसलो, आणि पटतही होतं,
पण डोळा परत परत
त्या आकड्यांकडे जायचा.
कुठंतरी कुणाच्या तरी पत्र्याच्या पेटीत
हेच आकडे असतील आर.सी. बुकात,
आणि ट्रक नसेल.

महानंदानं हॉर्न फडक्यात गुंडाळला,
बरणीत मावेना, तरी चिठ्ठी लिहिली:
'हॉर्न. मूळचा. वाजत नाही.'

दुसऱ्या दिवशी पाचला चांदसाब आला,
कालचं काही बोलला नाही, डबा उघडला.
रेड ऑक्साइडचा पहिला हात दिला आम्ही
मागून पुढं, दोन ब्रश, एकच डबा.
उजव्या चाकामागं मी थांबलो.
तेवढी वीतभर जागा सोडली,
आकड्यांवर बोटानं ग्रीस चोळलं,
गंज चढू नये म्हणून.
तो बघत होता.
"आरटीओवाला बघंल की," म्हणाला,
आणि पलीकडून रंगवत राहिला.